एकतिसावी ओळ

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणायचे. समोर टाचणीताई, पाठीमागे नुसतीच टाचणी, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. तिच्या टेबलावरून सुटा कागद कधी बाहेर पडला नव्हता. दोन कागद एकत्र दिसले रे दिसले की तिचा हात आपोआप टाचण्यांच्या डबीकडे जायचा.

कंपनी वजनकाट्यांची. दुकानातले काटे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे काटे, आणि गोदामासाठी हत्ती चढवला तरी कुरकुर न करणारे काटे. एकवीस वर्षं ती तिथे मोठ्या साहेबांची सहाय्यक होती. कुठला पाहुणा बिनसाखरेचा चहा पितो, कुठल्या दोन संचालकांना शेजारीशेजारी बसवलं की वाजलंच म्हणून समजायचं, साहेबांचा राग किती मिनिटांत उतरतो, सगळं हिच्या डोक्यात. साहेबांनी चष्मा शोधायला हात फिरवायच्या आत चष्मा हातात! अशी ही बाई एकाच गोष्टीला चळाचळा कापायची. आकड्यांना.

सहावीत असताना गणिताच्या बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावून भागाकार दिला होता. घंटा होईपर्यंत ती खडू धरून उभी. पाठीमागे चाळीस जणींची खुसखुस, हातात खडूचा घामाने लगदा. भागाकार तसाच राहिला. पण घाम मात्र तिच्याबरोबर मोठा झाला. शेहेचाळिसाव्या वर्षीसुद्धा चार आकडे एका रांगेत दिसले की तळहात ओले.

आणि गंमत बघा, दर महिन्याला तिचं सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणजे आकड्यांचंच. हिशेबकाका, म्हणजे कंपनीचे मुख्य हिशेबनीस, तिला एक भलीमोठी शीट पाठवायचे. त्यातल्या ओळी उचलून ती आपल्या सुबक तक्त्यात ठेवायची, खालची बेरीज कॉम्प्युटर आपोआप करायचा, आणि तयार व्हायचं ‘महिन्याचं पान’. कुठल्या विभागात किती आले, किती गेले, किती उरले. मोठे साहेब आणि संचालक तेवढं एक पान वाचायचे, बाकी काही नाही. रेघा किती जाड, अक्षर किती ठसठशीत, समास किती सोडायचा, ह्यात टाचणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आकड्यांकडे मात्र ती बघायचीच नाही. रस्त्यात नको असलेला नातेवाईक दिसावा तशी नजर चुकवून पुढे जायची.

मोठे साहेब चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी खुर्चीत आली. धाकट्या मॅडम. मॅडम कधी ओरडायच्या नाहीत. तेच तर वाईट होतं! साहेब ओरडायचे आणि मग पाचव्या मिनिटाला चहा मागायचे. मॅडमचा आवाज इतका हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला पळता येत नाही. आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दारातल्या स्वागतिकेला बोलावलं. चुकीच्या गिऱ्हाइकाला चुकीचं पाकीट गेलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी ती पोरगी खुर्चीत होती. सुट्टी संपली तेव्हा खुर्ची होती, पोरगी नव्हती. तिचा डबासुद्धा अर्धा राहिला होता. टाचणीनेच तो धुऊन, पिशवीत घालून तिच्या घरी पाठवला.

तर अशा मॅडमनी एका शुक्रवारी सकाळी महिन्याचं पान टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “टाचणीताई, ह्यात काय लिहिलंय?”

“गेल्या महिन्याचा विभागवार...”

“ते शीर्षक झालं. लिहिलंय काय?”

मॅडमच्या टेबलावर नमुन्याचा एक दुकानी काटा असायचा, त्यावर त्या कप ठेवायच्या. कप उचलला की काट्यावर शून्य. टाचणी त्या शून्याकडे बघत राहिली. फळा. खडू. घंटा कधी होणार?

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी संचालकांची मिटिंग आहे. तळघरातला दुरुस्ती विभाग बंद करायचा ठराव आहे. हिशेबकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे ते यायचे नाहीत. तेव्हा दुरुस्ती विभागाचा नऊ महिन्यांचा आलेख तुम्ही करा. आणि पाचही संचालकांना तो तुम्हीच समजावून सांगा.”

“मी?” एवढाच शब्द निघाला, तोही चिरका.

“छापायला मशीन आहे माझ्याकडे. सहाय्यक मला वाचणारी हवी. गुरुवारी कळेलच.”

काय कळेल? कुणाला कळेल? टाचणी आपल्या जागेवर येऊन बसली आणि तिने टाचण्यांची डबी घट्ट धरली. दारातली ती रिकामी खुर्ची तिच्या जागेवरून सरळ दिसायची.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. ‘होता’च म्हणायचं, कारण पाटी अजून लटकत होती पण लोक आता स्वतःचे फोटो स्वतःच काढतात, महिन्याला पाच-सहा पासपोर्ट फोटो आले तर आले. घर चालायचं ते टाचणीच्या पगारावर. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते कधी बोलायचे नाहीत.

“एवढंच ना?” नवरा म्हणाला. “गुरुवारी घसा बसल्याचं सांग.”

“आणि शुक्रवारी? शनिवारी? जन्मभर घसा बसवून ठेवू?”

नवऱ्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाला, “ताईकडे जा. खरंच सांगतोय, थट्टा नाही. तिच्याइतकं डोकं आपल्या घराण्यात कुणाला नाही. मला तर नाहीच.”

ताई म्हणजे तिची थोरली नणंद. आठवीतून शाळा सुटलेली, कॉम्प्युटरला कधी बोट न लावलेली, पण शिवणाचं दुकान एकटीच्या जोरावर तीस वर्षं चालवणारी. तोंडाने फटकळ. टाचणी तिच्यापुढे जरा दबूनच असायची. पण रविवारी सकाळी गेली. नऊ महिन्यांची नऊ पानं, टाचणी लावून.

नणंदेच्या तोंडात गुंड्यांचा दोरा, मांडीवर उसवलेली पँट. तिने पानं एकदा खालीवर केली. “आई गं, किती देखणं केलंयस! लग्नाची पत्रिकाच जणू. आता वाच.”

“तेच येत नाही ना, ताई.”

“वाचायचंच नाहीये. चौकशी करायची.” तिने दोरा तोंडातून काढला. “हे बघ वहिनी. दारात अनोळखी माणूस आला तर काय विचारतेस? कोण तुम्ही, कुठून आलात, आणि याआधी कधी दिसला नाहीत ते कुठे होतात. होय ना? आकड्यालाही तेच. तू कुणाचा? आलास कुठून? आणि मागच्या महिन्यात कुठे होतास? तिन्हीची उत्तरं सरळ आली तर आत घे. चाचरला, तर दारातच उभा कर.”

“आकडा कसा चाचरेल?”

“चाचरतो गं! कर सुरुवात. हा कोण?”

“दुरुस्ती विभाग. आले चार लाख.”

“कुणाकडून आले?”

“लोक बिघडलेले काटे तळघरात आणून देतात. दुरुस्तीचे पैसे.”

“मागच्या महिन्यात?”

“साधारण तेवढेच. त्याच्या मागच्याही.”

“बरा दिसतोय, सोड आत. पुढचा?”

“गेले सहा लाख दहा हजार.” टाचणीचं बोट पुढे सरकत होतं. “म्हणजे... चारातून सहा लाख दहा... ताई, हे उणे झालं. दर महिन्याला दोन लाख दहा हजारांचा खड्डा.”

“शाबास! बघ, भागाकाराशिवाय जमलं.” नणंद खदखदून हसली. टाचणीने एकदा सहज सांगितलेली फळ्याची गोष्ट तिने इतकी वर्षं लक्षात ठेवली होती. “मग खड्डा पडतोय तर बंद करतायत, बरोबरच आहे की. आता ह्या सहा लाखांना विचार, कुठे गेलात. एकेकाला वेगळं उभं कर.”

टाचणीने उभं केलं. पगार. सुटे भाग. वीज. आणि एक छोटीशी ओळ, ‘फिरती’, महिन्याला तीस-चाळीस हजार.

“फिरती?” नणंदेची सुई थांबली. “लोक काटे घेऊन ह्यांच्या तळघरात येतात म्हणालीस. मग फिरतंय कोण?”

टाचणीने पान जवळ धरलं, लांब धरलं. माहीत नव्हतं.

“हा चाचरला बघ,” नणंद म्हणाली आणि पुन्हा पँट शिवायला लागली. “ह्याला दारात उभा ठेव. आणि चौकशी कर.”

सोमवारी टाचणी चक्क शीळ घालत ऑफिसात आली. म्हणजे मनातल्या मनात. भीती होतीच, पण तिला आता तीन प्रश्नांची काठी सापडली होती. तिने वीजबिलाची चौकशी केली, चहाच्या खर्चाची केली, शिपायाच्या सायकलदुरुस्तीची केली. शिपाई म्हणाला, “ताई, तुम्ही पोलिसात लागलात का?” मंगळवारी आलेख तयार झाला. नऊ खांब, नऊच्या नऊ रेघेच्या खाली लटकलेले. दिसायला इतका सुंदर की तिने तो स्वतःच दोनदा छापून बघितला.

फक्त ‘फिरती’ दारात उभी होती.

मंगळवारी दुपारी ती तळघरात उतरली. जिना उतरतानाच तेलाचा आणि तापलेल्या तारेचा वास यायचा. सव्वीस माणसं तिथे काम करायची. त्यांचा मुख्य म्हणजे तोळामामा. हा कुणाचाच मामा नव्हता, पण प्रकृतीने इतका तोळामासा की वजनकाट्यांच्या कंपनीत दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. नवा काटा तपासायला हलकं माणूस लागलं की वरचे लोक हाक मारायचे, “मामांना पाठवा!”

“या या, टाचणीताई! आमच्या पाताळात कशा?” तोळामामाने स्टूल फडक्याने पुसलं. “बसा. चहा सांगतो. हे बघा, ही खिडकीकडची भिंत. इथे एक लांब टेबल टाकायचंय. मॅडमना तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतात त्या.”

त्याला माहीतच नव्हतं! सव्वीस जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. एक मुलगी बाळांच्या काट्यावर वाकून बारीक स्क्रू बसवत होती आणि गाणं गुणगुणत होती. टाचणीला तिच्याकडे बघवेना.

“मामा, फिरतीचा खर्च कसला असतो हो तुमचा?”

“फिरती? ती कराराची माणसं नाहीत का आमची! चौघं जण. वर्षाचा करार घेतो आपण. दवाखान्यांचे, दुकानांचे. दर महिन्याला माणूस जाऊन काटे तपासून येतो, काटा बिघडायच्या आधीच. माझीच कल्पना बरं का ही,” मामा छाती काढून म्हणाला, निघाली तेवढी. “सुरुवातीला कुणी विचारेना. आता बासष्ट करार झालेत. हिशेबकाका स्वतः म्हणाले, मामा, तुमच्या कराराला मी वेगळी ओळ दिलीय.”

“वेगळी ओळ,” टाचणी म्हणाली.

“हो. चहा घ्या ना, निवतोय.”

चहा निवला. टाचणीने कपाला हातही लावला नाही. कारण तिच्या पानावर अशी ओळ नव्हती. नऊ पानं ती आता डोळे मिटून सांगू शकत होती, आणि त्यांत कराराची ओळ नव्हती.

जिना कसा चढली ते तिलाच ठाऊक नाही. तिने हिशेबकाकांची मोठी शीट उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शेवटपर्यंत खाली नेली. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आणि त्याखाली एकतिसावी. ‘वार्षिक करार, दुरुस्ती विभाग.’

मग तिला तो दिवस लख्ख आठवला.

नऊ महिन्यांपूर्वीची गोष्ट. ही ओळ नवी आली होती. मोठ्या साहेबांचा एक हट्ट होता, महिन्याचं पान म्हणजे एकच पान. “जे एका पानात मावत नाही ते मला सांगू नका,” असं ते म्हणायचे आणि दुसरं पान दिसलं की न वाचताच उलटं ठेवायचे. टाचणीच्या पानात ओळी मावायच्या बरोब्बर तीस. एकतिसावी टाकली की ती एकटीच घसरून दुसऱ्या पानावर जायची, दोरीवर एकच मोजा वाळत घातल्यासारखी. किती वाईट दिसायचं ते! टाचणीने अक्षर बारीक करून बघितलं, समास कमी करून बघितले. शेवटी ओळीकडे नीट बघितलं, तर पुढे लिहिलेलं होतं शून्य. करार सुरूच झाले नव्हते तेव्हा. रिकामी तर आहे, कुणाला काय फरक पडणार, असं म्हणून तिने ती ओळ घेतलीच नाही. पुढच्या महिन्यापासून हाताला सवयच लागली, वरून तीस ओळी उचलायच्या आणि ठेवायच्या. खालची बेरीज त्या तीस ओळींचीच व्हायची. काका आपली शीट बरोबर ठेवत होते, पण ती शीट तिच्याशिवाय कुणी उघडत नव्हतं. आणि ती तर बघतच नव्हती.

तिने नऊ महिन्यांच्या एकतिसाव्या ओळी कागदावर एकाखाली एक लिहिल्या. शून्य. चाळीस हजार. ऐंशी हजार. एक लाख वीस. एक लाख साठ. एक लाख नव्वद. दोन वीस. दोन चाळीस. दोन साठ. बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा तेरा लाख दहा हजार.

खड्डा नव्हताच. म्हणजे होता, सुरुवातीला चांगला खोल होता. पण तो भरत आला होता, आणि गेले तीन महिने तर विभाग वर डोकं काढून उभा होता. मागच्या महिन्यात पन्नास हजार उरले होते! आणि तिच्या देखण्या पानाने सांगितलं होतं, दोन लाख दहा हजार बुडाले. त्या पानाच्या भरवशावर सव्वीस माणसांच्या खुर्च्या परवा रिकाम्या होणार होत्या.

आणि सांगायचं म्हणजे सत्ताविसावी खुर्ची तिची.

बुधवारी टाचणी ऑफिसात होती, पण असून नसल्यासारखी. मॅडमना दोनदा चुकीच्या माणसाचा फोन जोडून दिला. डोकं सारखं पळवाटा शोधत होतं. गप्प राहिलं तर? वर्षअखेरीला तपासणी होईल, तेव्हा कुणाला तरी फरक सापडेल. तोपर्यंत तळघराला कुलूप लागलेलं असेल, पण टाचणीचं नाव कुणी घेईलच असं नाही. किंवा म्हणायचं, वरून असंच आलं होतं. हिशेबकाकांच्या डोळ्यावर पट्टी, ते कुठे लगेच शीट उघडून दाखवणार? हा विचार आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. मॅडमची वाटायची त्याहून जास्त.

दुपारी तोळामामा वर आला. हातात टेबलाची मापं लिहिलेला कागद. “घाई नाही हं, ताई. जमेल तेव्हा सांगा मॅडमना.” कागद सुटा होता. टाचणीने तो घेतला, पण तिचा हात डबीकडे गेला नाही.

संध्याकाळी तिने नणंदेला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे शिवणाचं मशीन खडखडत होतं, ते थांबलं.

“म्हणजे दारात उभा केलेला माणूस खरा निघाला,” नणंद म्हणाली, “आणि चोर घरातलाच.”

“ताई!”

“मग काय सांगू, लाडात येऊ? ऐक. एकदा एका बाईचा महागाचा कोट मी कापताना बिघडवला होता. पंचवीस वर्षं झाली. दोन दिवस जेवले नाही. मग तिच्या घरी जाऊन दारातच सांगितलं, माझ्या हातून बिघडला.”

“मग?”

“मग काय! जिना उतरेपर्यंत शिव्या दिल्या तिने. परत कधी आली नाही माझ्याकडे.” मशीन पुन्हा खडखडायला लागलं. “पण मी जेवले गं त्या दिवशी.”

हा काही धीर देण्याचा प्रकार नव्हता. टाचणी फोन ठेवून रडली, मग तोंड धुतलं, आणि नवा आलेख करायला बसली.

गुरुवारी मिटिंग अकराला. साडेनऊला ती मॅडमच्या दारावर उभी राहिली. टकटक करायला उचललेली मूठ हवेतच होती. खुर्ची, फळा, अर्धा राहिलेला डबा, स्टुडिओची पाटी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मग तिने टकटक केली, कारण हात दुखायला लागला होता.

“मॅडम, महिन्याचं पान चुकलंय. मी चुकवलंय. नऊ महिने.”

मॅडमनी कप काट्यावर ठेवला. काटा थरथरून एका आकड्यावर थांबला. “बसा,” त्या म्हणाल्या, नेहमीसारख्या हळू.

टाचणी बसली नाही. बसली असती तर उठता आलं नसतं. उभ्यानेच तिने सांगितलं. एकतिसावी ओळ, मोठ्या साहेबांचं एक पान, पहिल्या महिन्यातलं शून्य, बासष्ट करार, तेरा लाख दहा हजार. एकही आकडा अडखळला नाही. शेवटी म्हणाली, “नऊ महिने धरले तर विभाग अजूनही पाच लाख ऐंशी हजार तोट्यात आहे, मॅडम. ते मी लपवत नाही. पण गेले तीन महिने नफ्यात आहे. दहा हजार, तीस हजार, पन्नास हजार.”

मॅडमनी जुना आलेख उचलला, मग नवा. जुन्यात नऊ खांब खाली लटकलेले. नव्यात खालचे खांब आखूड होत होत जाऊन शेवटचे तीन रेघेच्या वर.

“फक्त ते दिसायला वाईट दिसत होतं म्हणून?”

“हो.”

“सव्वीस माणसं, टाचणीताई.”

“हो, मॅडम.”

“हिशेबकाकांना माहीत आहे?”

“नाही. त्यांची शीट बरोबर आहे. त्यांचा काही दोष नाही.” हे वाक्य तिने जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण बुधवारी तिच्याच डोक्यात ते उलटं म्हटलं गेलं होतं.

मॅडमनी दोन्ही आलेख तिच्यापुढे सरकवले. “मीही चार महिने हेच पान वाचून मान डोलवतेय,” त्या म्हणाल्या, पण टाचणीकडे न बघता, खिडकीकडे बघत. मग वळून म्हणाल्या, “अकरा वाजता हे सगळं तुम्ही सांगायचं. पाचही जणांना. ओळ कुणी काढली तेही.”

मिटिंगमध्ये पाच संचालक होते आणि दहा डोळे. मागच्या भिंतीवर पांढरा फळा. टाचणीने तो बघितला आणि तिला वाटलं, आता मी मटकन खाली बसणार. “मी ओळ काढली,” ती म्हणाली. त्यांच्यातले सगळ्यांत म्हातारे संचालक कानाला हात लावून म्हणाले, “काय काढली?” तिला तेच पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. एकदा कबूल करायलाच जीव गोळा करावा लागतो, इथे दोनदा! दुसऱ्या एकाने वीस मिनिटं तिची उलटतपासणी घेतली. प्रत्येक आकडा कुणाचा, कुठून आला, आधी कुठे होता. टाचणीच्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या, पण हे तीन प्रश्न तिच्या ओळखीचे होते.

ठराव टळला. रद्द नाही, सहा महिने पुढे गेला. तोवर कराराची ओळ दर महिन्याला बघायची, असं ठरलं. तळघरात ह्यातलं काहीच पोचलं नाही. तिथे ती मुलगी बहुतेक अजून गुणगुणत असेल.

दुपारी तीनला मॅडमनी टाचणीला आत बोलावलं. “पत्र घ्या.”

टाचणीने वही उघडली. मॅडम सांगायला लागल्या आणि तिसऱ्या शब्दाला तिच्या लक्षात आलं, हे ताकीदपत्र आहे. तिचंच! ऑफिसात पत्रं टाईप करणारी ती एकटीच, तर दुसरं कोण करणार? ‘आपल्या हलगर्जीपणामुळे.’ लिहिलं. ‘पुन्हा असे घडल्यास सेवेतून.’ तेही लिहिलं. नोकरी होती. एका केसावर लटकलेली, पण होती.

“सलग नऊ महिने संचालकांना चुकीची माहिती गेली,” मॅडम सांगत होत्या.

टाचणीचं पेन थांबलं.

“काय झालं?”

“मॅडम...” तिला वाटलं, गप्प बसावं. अगदी मनापासून वाटलं. “आठ महिने. पहिल्या महिन्यात ती ओळ शून्यच होती. नसली तरी बेरीज बरोबर आली असती.”

मॅडमनी कप उचलला. शून्य. कप परत ठेवला.

“आठ लिहा,” त्या म्हणाल्या.

टाचणीने आठ लिहिलं, बाहेर जाऊन टाईप केलं, मॅडमची सही घेतली आणि आपल्या नावाच्या फाईलमध्ये आपल्या हाताने लावलं. फाईल कपाटात ठेवली. पुढचे सहा महिने, प्रत्येक पहिल्या तारखेला, एकतिसाव्या ओळीत काय येणार ह्या धास्तीने तिला सकाळी घास गिळवायचा नाही.

त्या महिन्याचं पान तिने एक तारखेला छापलं. मशीनमधून एक पान आलं, आणि मागून दुसरं, जवळजवळ कोरं, माथ्यावर एकच ओळ. किती वाईट दिसत होतं ते! टाचणीने दोन्ही पानं जुळवली, कोपऱ्याशी कोपरा, आणि डबीतून एक टाचणी काढली.